विसर्जनाला होडी, रविवारी नुसती पाटी

फेब्रुवारीतला एक रविवार, चार घरची सोळा माणसे, भाड्याची एक क्रूझर आणि वरण-बट्टीचे सामान. ठरवायचे ते एवढेच होते. पण आमच्याकडे सहल ठरवणे म्हणजे कांद्याचा लिलाव. जो मोठ्याने बोलेल त्याचा भाव. दिराचे म्हणणे वॉटर पार्क, भाच्याचे म्हणणे धरण, सासूबाईंचे म्हणणे, "देवदर्शन होईल असं काही बघा, नाहीतर मी घरीच बरी." माझे म्हणणे नदी. धुळ्यात वाढणारी आमची पाच मुले रोज पांझरेच्या पुलावरून शाळेत जातात आणि त्यांच्यातल्या एकानेही नदीच्या पाण्याला पाय लावलेला नाही. पाय लावावा असे ते पाणी शहरात उरलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

मी विहिरीत पोहायला शिकले. आजोबांनी पाठीला वाळलेला भोपळा बांधला, पायऱ्यांवरून ढकलून दिले आणि स्वतः थारोळ्यावर बसून तंबाखू मळत राहिले. चार दिवसांनी भोपळा सुटला. बाराव्या वर्षी पोहणेही सुटले, कारण "आता मोठी झालीस." तो विषय पुढे येईलच. सांगायचे एवढेच, की नदीचा हट्ट माझा होता, म्हणून जागा शोधायचे कामही माझ्या गळ्यात पडले.

शोधायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ध्यानात आली. पाण्यात कुठे उतरू नये हे सांगणाऱ्या पाट्या मला जागोजागी भेटल्या. कुठे उतरावे हे सांगणारी एकही भेटली नाही. धरणावर पाटी, तलावावर पाटी, कालव्यावर पाटी, धबधब्याच्या वाटेवर पोलिसांची पाटी. काही पाट्यांवर कवटी, काहींवर फक्त 'हुकूमावरून'. खानदेशासारख्या मुलखात, जिथे एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि वर्षाचा पाऊस बहुतेक ठिकाणी सातशे मिलिमीटरच्या आसपास अडखळतो, तिथे माणसाने पाण्याकडे जाऊच नये अशी अपेक्षा कोण करते? ज्याच्या खोलीत एसी आहे तोच करू शकतो.

माझा मुद्दा एका ओळीचा आहे. पाण्याजवळ जाण्यास बंदी घालणे हे सुरक्षेचे काम नव्हे, ते सुरक्षेच्या कामातून अंग काढून घेणे आहे. प्रत्येक तालुक्यात दोनतीन जागा निवडाव्यात, त्या आखाव्यात, तिथे पाणी ओळखणारा माणूस मजुरी देऊन बसवावा आणि मग बाकीच्या जागांवर खुशाल पाट्या लावाव्यात.

पावसाळ्यातल्या बंदीवर माझा आक्षेप नाही, हे आधीच सांगून टाकते. साक्री तालुक्यातली आलालदरी असो की धुळ्याच्या उशालाच असलेला लळिंगचा धबधबा, जुलै-ऑगस्टमध्ये तिथे गर्दीला हात जोडून थांबवावे लागते. आपला खडक काळा, बेसॉल्टचा. त्यात पाणी फारसे मुरत नाही, नाल्याला लागते आणि सरळ खाली येते. तुमच्या डोक्यावर ऊन असते आणि वरच्या पठारावर तासाभरापूर्वी पाऊस कोसळून गेलेला असतो. आधी पाण्याचा रंग बदलतो, मग पाला आणि काटक्या यायला लागतात, मग आवाज येतो. आवाज येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला. लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. सारा महाराष्ट्र त्या वेळी मोबाइलवर बघत होता की काही मिनिटांत काय होते. अशा जागी, अशा दिवसांत बंदी हवीच.

पण बंदीचे हत्यार कोणते, तेही बघा. जिल्हाधिकारी हा आदेश काढतात तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. १ जुलै २०२४ पूर्वी याचेच नाव कलम १४४. दंगल होईल, जमाव चालून येईल, अशा तातडीच्या प्रसंगासाठीचे हे कलम. असा आदेश एरवी दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, इतके ते तात्पुरते आहे. आग लागली की बादली उचलावी, तसे. आपण मात्र दर पावसाळ्यात तीच बादली उचलतो आणि विहीर खणायचे नाव काढत नाही.

आणि पावसाळा संपल्यावर? ऑक्टोबर ते मे हे आठ महिने माणूस पाण्यात उतरतोच. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पोरी गौराई घेऊन नदीवर जातात. उन्हाळी सुट्टीत दुपारी तीन वाजता, आई-बाप दुसऱ्याच्या शेतात असताना, चार पोरे सायकलींवरून निघतात. त्यांच्याकडे वॉटर पार्कचे तिकीट नाही. पालिकेच्या तरणतलावाची फी नाही, आणि तालुक्याच्या गावात बहुतेक तरणतलावच नाही. ती पोरे पाटी नसलेल्या ठिकाणी जातात. पाटी नसलेले ठिकाण म्हणजे कोणते? वाळूचा खड्डा.

गिरणा, तापी, पांझरा, कोणत्याही नदीच्या पात्रात चालत जा. वाळू उपसून झालेले खड्डे पावसाळ्यानंतर भरतात आणि वरून दिसतो एक शांत आरसा. नैसर्गिक डोह हळूहळू खोल होतो: आधी घोटा, मग गुडघा, मग कंबर. पोराला परत फिरायला वेळ मिळतो. यंत्राने खणलेल्या खड्ड्याला उतार नसतो. गुडघाभर पाण्यात उभा असलेला पोरगा पुढचे पाऊल टाकतो ते दोन पुरुष खोल पाण्यात. काठ वाळूचा, तो हाताखाली ढासळतो. एक बुडतो, त्याला काढायला दुसरा जातो, आणि संध्याकाळी गावात दोन तिरड्या निघतात. बातमीत शेवटी एक ओळ असते, 'पोहण्याचा मोह आवरला नाही'. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिले त्याला एकदा मेमधल्या दुपारी पत्र्याच्या घरात बसवायला हवे. मोह कसला? आणि खड्डा कोणाचा, हे त्या बातमीत का नसते?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत देशात बुडून मरणाऱ्यांचा आकडा वर्षाला तीस हजारांच्या वर असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून गेली. संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षी २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून नेमला. आपल्या शाळांत योगदिन, मतदारदिन असे पुष्कळ दिवस साजरे होतात. या दिवसाची प्रभातफेरी मी अजून पाहिलेली नाही. निघू नये हेच बरे, कारण फेरीने कोणी पोहायला शिकत नाही.

आता कोणी म्हणेल, सरकारला नद्यांवर माणसे बसवणे कसे जमेल? जमते. दरवर्षी जमते. गणपती विसर्जनाच्या दिवशी तलावाच्या आणि नदीच्या घाटावर जाऊन बघा. बांबूचे कठडे, हॅलोजन, दोर, होड्या, ट्यूब घेतलेले पट्टीचे पोहणारे, रुग्णवाहिका, आणि भोंग्यावरून ओरडणारा एक साहेब: "लहान मुलांना पाण्यापासून लांब ठेवा." पाण्यात कुठपर्यंत जायचे त्याची दोरी बांधलेली असते. म्हणजे जागा आखता येते, माणूस नेमता येतो, पैसा काढता येतो, आणि गर्दीत हजारो माणसे असूनही बहुतेक घाटांवर सगळे धड घरी जातात. मूर्ती बुडवायची असली की हे सारे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बांबू उपटून नेतात आणि त्याच घाटावर 'पोहण्यास सक्त मनाई' एवढेच उरते. गोव्याच्या किनाऱ्यांवर सरकार पैसे मोजून जीवरक्षक उभे करते, कारण तिथे पर्यटक पैसे आणतो. खानदेशातला पोरगा नदीवर काही आणत नाही. सायकल आणतो, तीही भावाची.

आमच्या सहलीकडे परत येते. जागा शेवटी सापडली ती कागदावर नाही, माणसामुळे. दिराच्या ओळखीचे एक शेतकरी पांझरेच्या वरच्या अंगाला, पिंपळनेरच्या बाजूला राहतात. त्यांनी सांगितले, आमच्या गावाच्या जुन्या बंधाऱ्याखाली डोह आहे, फेब्रुवारीत पाणी निवळशंख असते, पण नाना सोबत असतील तरच उतरा. गावाचे नाव मी देणार नाही. दिले तर पुढच्या रविवारी तिथे चाळीस गाड्या आणि दोन डीजे पोहोचतील, आणि नाना एकटे आहेत.

नानांचे आजोबा पाटकरी होते. ज्यांना खानदेशातली फडपद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे थांबते, कारण माझा सगळा युक्तिवाद याच पाटावर उभा आहे. पांझरा, मोसम या नद्यांवर गावांनी काही शतकांपूर्वी दगडी बंधारे घातले. बंधाऱ्यातून पाट काढला आणि खालची जमीन फडांत वाटली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाण्याची पाळी ठरलेली. हे सरकारने चालवले नाही, गावाने चालवले. पाटावर लक्ष ठेवायला, कोणाचे दार कधी उघडायचे आणि कधी लावायचे हे बघायला पाटकरी नेमलेला असे, आणि त्याचा मोबदला फडातले शेतकरी मिळून देत. पाटकऱ्याला पाणी तोंडपाठ. कुठे ओढ आहे, कुठे झिरपते, कोणत्या महिन्यात किती हात उतरते. पुढे वर धरणे झाली, शेतात बोअर झाल्या, बरेच फड मोडले. बंधारे राहिले, पाटकरी गेले.

नानांकडे आजोबांची ती नजर आली, काम मात्र आले नाही. ते स्वतः दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात. पण पंचक्रोशीत कोणी बुडाले की पोलीस पाटलांचा फोन त्यांना येतो. गळ, दोर आणि एक माणूस घेऊन ते जातात, बुडी मारतात, काढून देतात. रात्री-अपरात्री, थंडीत, पुरात. त्याचे काय मिळते असे विचारले तर म्हणाले, "मयताना घरना माणूसकडथीन पैसा लेवाना ऱ्हातस का, ताई?" मेलेल्याच्या घरच्यांकडून पैसे घ्यायचे असतात का. एकदा कोणत्या तरी कार्यक्रमात शाल आणि नारळ मिळाला होता. शाल अजून आहे.

तापीकाठचे भोई, कोळी, सातपुड्यातले भिल्ल, पावरा: पाणी ओळखणारी माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. आपण त्यांना बोलावतो तेव्हा वाचवायला कोणी उरलेले नसते. हाच माणूस अपघातानंतर चार तासांनी बोलावण्याऐवजी रविवारी सकाळी दहाला काठावर बसवला तर काय होईल, हे मला त्या दिवशी दिसले.

आम्ही पोहोचलो तेव्हा नाना आधीच पाण्यात होते. पायाने तळ चाचपत, हातात काठी घेऊन डोह इकडून तिकडे चालत होते. एका तुटलेल्या बाभळीची फांदी तळाशी रुतली होती, ती त्यांनी ओढून काठावर टाकली. मग चार बांबू रोवले, त्यांना लाल फडकी बांधली. बंधाऱ्याच्या भिंतीपासून बरेच अंतर सोडून. भाच्याने विचारले, भिंतीजवळ तर पाणी कमी दिसते, तिकडे का नको? नाना एवढेच म्हणाले, "तठे खोल शे. आठेच ऱ्हा." तिथे खोल आहे, इथेच राहा. मागाहून कळले की गोष्ट नुसत्या खोलीची नाही. बंधाऱ्यावरून पाणी पडते तेव्हा पायथ्याशी ते उलटे फिरते आणि माणसाला पुन्हा भिंतीकडे ओढते. फेस असतो, फेसात हवा असते, त्यात शरीर तरंगत नाही. फेब्रुवारीत पाणी बोटभर पडत होते, तरी तळ तिथे खरवडून खोल झालेला असतोच. हे कोणत्या पाटीवर मावणार? पाटीवर 'धोका' एवढेच मावते, आणि पंधरा वर्षांच्या पोराला धोका हा शब्द आमंत्रणासारखा वाचता येतो.

दुसरा धडा दिराला मिळाला. तो दरवर्षी मित्रांबरोबर समुद्रावर जातो आणि स्वतःला पोहणारा समजतो. समुद्राचे पाणी मिठामुळे गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी जड असते, माणसाला तेवढे उचलून धरते. डोहात तो चार हात मारून दमला, नानांनी काठी पुढे केली आणि त्याने ती निमूट धरली. नानांनी पाण्यात उडी मारली नाही, हे मी टिपून ठेवले. बुडणाऱ्याजवळ हाताने जायचे नाही, काठी, दोर, रिकामा कॅन पुढे करायचा, हे त्यांना कोणत्या प्रशिक्षणात सांगितले नव्हते. बुडणारा ओरडत नाही, हेही ते म्हणाले. सिनेमात ओरडतो. खरा बुडणारा गप्प असतो, तोंड वर, डोळे काचेसारखे, दहा हातांवर आई वाटणातली मिरची चाखत असते आणि तिला कळत नाही. म्हणून आमच्यात एक नेम ठरला होता, तो पाळला: एक मोठे माणूस कोरडे राहायचे, मोबाइल पिशवीत, नजर पाण्यावर, अर्ध्या तासाने पाळी बदलायची. सासूबाईंनी दोन पाळ्या केल्या. देवदर्शनाचे नाव पुन्हा निघाले नाही.

आणि बाया. सोळांपैकी सात बाया, पोहता येणाऱ्या दोन, मी आणि एक चुलत जाऊ. दोघीही माहेरच्या विहिरीत शिकलेल्या आणि दोघींचेही 'मोठी झालीस' म्हणून बंद झालेले. कपडे धुवायला, भांडी घासायला, पाणी भरायला, गौराई आणि खानदेशची देवी कानबाई पोहोचवायला नदीवर बाई जाते, आणि पोहायला शिकवतात मुलाला. यातले उरफाटेपण कोणाला खटकत नाही. तिची पाचवारी ओली झाली की पायात गुंतते, गाळात पाय रुतला की तिला उचलता येत नाही. धुणे निसटले, ते धरायला वाकली, पाय घसरला, एवढ्यात संपते. आम्ही त्या दिवशी पंजाबी ड्रेसवर उतरलो तर बंधाऱ्यावर गावातली पाचसहा पोरे बघायला जमली. नानांनी त्यांना एक हाळी दिली आणि ती पांगली. कपडे बदलायला आडोसा म्हणून क्रूझरच्या दोन दारांना साड्या बांधाव्या लागल्या. आखलेल्या घाटावर चार पत्र्यांची एक खोली असली तर किती मुली पाण्यात उतरतील, याचा विचार नियोजनाच्या कोणत्या बैठकीत होतो? जुन्या घाटांना पायऱ्या असायच्या, देऊळ असायचे, काही ठिकाणी बायकांच्या न्हाण्याची जागा वेगळी असायची. म्हणजे नाहण्याची जागा आखणे आपल्याला अपूर्वाईचे नाही, आपण ते विसरलो आहोत.

या सगळ्यावर आक्षेप आहेत, ते मी घरातच ऐकले आहेत. माझा नवरा सरकारी खात्यात आहे. तो म्हणतो, "उद्या तुझ्या आखलेल्या घाटावर एक मूल गेलं तर निलंबित कोण होईल? पाटी लावणारा होत नाही. जागा सुरू करणारा होतो." हे त्याचे म्हणणे खोटे नाही, आणि खरी गाठ इथेच आहे. पाटीने माणूस वाचत नाही, फाइल वाचते. मृत्यू पाटीच्या पलीकडे झाला की तो ज्याचा त्याच्या माथी. पण याच न्यायाने चालायचे तर अपघात होतात म्हणून आपण घाटातले रस्ते बंद केले असते. आपण तिथे कठडा बांधला, आरसा लावला, वळणाची खूण केली. रस्त्यावर जे कळते ते पाण्यावर का कळू नये? जबाबदारीची भीती कमी करायची तर नियम लिहून काढावा लागेल: किती माणसे, कोणते महिने, पाणी किती असताना बंद, कोणत्या वेळेत. एवढे पाळूनही अपघात झाला तर नेमलेल्या माणसाला आरोपी करायचे नाही. हे काम विधानसभेचे आहे, नानांचे नाही.

दुसरा आक्षेप पाटबंधारे खात्याचा, तो मला पूर्ण मान्य. ज्या तलावाचे पाणी गावे पितात, तिथे आंघोळ नको. दरवाजे, सांडवा, विहीर-पंप यांच्या आसपास नको. काँक्रीटच्या कालव्यात तर नकोच, त्याची भिंत शेवाळाने तेल लावल्यासारखी असते, पोहणाराही वर चढू शकत नाही. धरणातून आवर्तन सुटते तेव्हा खालच्या पात्रात पाणी अचानक चढते, म्हणून आवर्तनाची तारीख गावातल्या भोंग्यावर सांगायला हवी, नुसत्या पत्रातून कळवून भागणार नाही. मी 'कुठेही उतरा' म्हणत नाही. थोड्या जागा द्या म्हणते, म्हणजे बाकीच्या राखता येतील.

तिसरा आक्षेप गावकऱ्यांचा, आणि तो सर्वांत कडू. शहरातली माणसे येतात, पितात, बाटल्या खडकावर फोडतात, थर्माकोलच्या थाळ्या पाण्यात सोडतात, आणि मग बुडाली की गावाला कामाला लावतात. बाटलीची काच नंतर म्हशीच्या पायात जाते, किंवा अनवाणी पोराच्या. मी शहरातली आहे, मला मान खाली घालावी लागते. पण ही तक्रारसुद्धा माझ्याच बाजूची आहे. आज गावाला या गर्दीतून फक्त घाण मिळते. गाडीमागे पन्नास-शंभर रुपये घ्या, दारूची बाटली दिसली तर गाडी परत फिरवा, आणि त्या पैशातून नाना बसवा. आमचे खासगी गणित मी वहीत मांडले. एका माणसाला दिवसाचे आठशे रुपये, दोन माणसे, हंगामातले चाळीस रविवार आणि सुट्ट्या: चौसष्ट हजार. शेतकरी कुटुंबातले माणूस अपघाताने गेले, त्यात बुडून गेलेलेही आले, तर राज्य सरकार अपघात योजनेतून दोन लाख देते. द्यावेच. पण मेल्यावर दोन लाख द्यायला लेखाशीर्ष आहे आणि मरू नये म्हणून चौसष्ट हजार द्यायला नाही, हा हिशोब कोणत्या तालुक्याच्या गृहिणीने घातला असता?

कायद्यातही वाट अगदी बंद नाही. नद्या, ओढे, तलाव राज्याच्या मालकीचे, हे १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आहे. म्हणजे पाणी सार्वजनिक, पाटी लावणाऱ्याच्या बापाचे नाही. नंदुरबारचा बराच भाग आणि साक्री-शिरपूरचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे आदिवासी भागासाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे दिले आहे. ग्रामसभेने ठराव करून आपल्या डोहाचे नियम ठरवायला तिथून सुरुवात करता येईल. माणसे तयार करायला केंद्राने 'आपदा मित्र' नावाची योजना काढली, तिच्यात बारा दिवसांचे प्रशिक्षण ठेवले. अशा प्रशिक्षणात नानांसारखे लोक घ्यावेत. त्यांना पोहणे शिकवू नये, ते शिकवणाऱ्याला शिकवतील. त्यांना छाती कशी दाबायची आणि तोंडाने श्वास कसा द्यायचा ते शिकवावे. बाहेर काढलेल्याला उलटे टांगून पोटातले पाणी काढायचा जो प्रकार अजून चालतो, त्यात पहिली चार मिनिटे वाया जातात. आणि त्यांना मजुरी द्यावी. जुन्या काळी गावकामगाराला बलुते मिळायचे, त्याबरोबर जातही चिकटलेली असायची. ती पद्धत परत नको. रोख मजुरी, विमा, आणि काम जो जाणतो त्याला, जातीवरून नाही.

पोहणे शाळेत शिकवा, ही सूचना सगळेच करतात. चांगली आहे. तरणतलाव बांधायची वाट बघत बसलात तर आमच्या मुलांची मुले शिकतील. आखलेल्या डोहात मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहावीचे वर्ग आणले तर याच वर्षी शिकतील. भोपळे अजून पिकतात.

चार वाजता बट्ट्या गोवऱ्यांच्या राखेतून निघाल्या. वरण, घोटलेली वांगी, कच्चा कांदा. मुलांचे ओठ निळे झाले होते तरी ती पाण्यातून निघेनात. धाकटा पुतण्या दुपारभर नानांच्या हातावर पालथा पडून पाय मारत होता, शेवटच्या अर्ध्या तासात नानांनी हात काढून घेतला तरी त्याला कळले नाही. जेवताना नाना जरा लांब बसले. बोलावले तेव्हा आले, पण पाठ पाण्याकडे करून बसेनात. सगळी मुले वर आलेली असतानाही.

निघताना त्यांना आठशे दिले. ते पाचशेवर अडले होते, "येवढं नको", शेवटी सासूबाईंनी दटावून घ्यायला लावले. ग्रामपंचायतीलाही तीनशे द्यायचे ठरले होते, साफसफाईचे. रविवार असल्याने ग्रामपंचायतीचे शिपाई मोटारसायकलवर पावतीपुस्तक घेऊन बंधाऱ्यावरच आले. पावतीवर छापलेले रकाने त्यांनी वरून खाली बोटाने वाचले: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजार. पाणीपट्टीवर बोट क्षणभर थांबले, मग पुढे सरकले. "याच्यात बसत नाही, ताई," ते म्हणाले. नानांनी गाडीच्या टपावर पावतीपुस्तक ठेवायला हात पुसून दिला. शेवटी 'किरकोळ'समोर तीनशे लिहिले, आणि कशाबद्दल या ओळीवर, बराच विचार करून, 'डोहात उतरणे, १६ इसम, सर्व परत'.